खालच्या कप्प्यातला वास

"वैजू, तू डबा इनक्युबेटरमध्ये ठेवतेस का गं?"

खातू मॅडमनी दारातूनच विचारलं. मी बाटल्या बाहेर काढत होते.

"आत नाही मॅडम. वर ठेवते. टेबलावर मुंग्या येतात."

"मग तुझ्या बार्शीच्या लसणाला पाय फुटलेत. आत शिरलाय तो. नवऱ्याच्या घरी गेलीस की स्वयंपाकघर वेगळं बांधून घे बाई."

मी हसले. डब्यात आईच्या हातची शेंगदाणा-लसणाची चटणी होती आणि तिचा वास दोन खोल्या ओलांडतो, हे खरंच होतं. हा झाला २० एप्रिल २००९ चा सोमवार. पुढच्या सोमवारी मॅडम तेच म्हणाल्या, मी तेच उत्तर दिलं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कृषी महाविद्यालयात मी पीएच.डी. करत होते. आमच्या विभागात तीन खोल्या आणि तीन माणसं. डॉ. हेमलता खातू माझ्या मार्गदर्शक. मी, वैजयंती बारबोले, विद्यार्थिनी. आणि तुकाराम शिगवण हे परिचर. काचसामान धुणं, माती चाळणं, रजिस्टरं आणणं-नेणं त्यांच्याकडे. त्यांना अख्खं कॉलेज शिगवणमामा म्हणे.

माझा विषय भातखाचरातल्या मातीतले जीवाणू. खाचरात पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते. तेव्हा काही जीवाणू ऑक्सिजनच्या जागी नायट्रेटवर निभावतात. खताचा नत्र ते पायरीपायरीने मोडत नेतात आणि शेवटी साधा नायट्रोजन करून हवेत सोडतात. प्रत्येक पायरीचं काम करणारं एक विकर असतं आणि ते विकर कसं बनवायचं हे सांगणारं एक जनुक. शेवटच्या पायरीच्या अलीकडे जो वायू तयार होतो तो नायट्रस ऑक्साइड. हवेत सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट उष्णता धरून ठेवतो. शेवटचं जनुक धड असेल तर त्या नायट्रसचा निरुपद्रवी नायट्रोजन होतो. ते बिघडलेलं असेल तर नायट्रस तसाच वर जातो. या जनुकाचं नाव नॉस-झेड.

कॉलेजच्या मागच्या खाचरातून मी नऊ जीवाणू वेगळे केले होते. नवांकडेही नॉस-झेड होतं. डी.एन.ए. तपासायच्या जेलवर त्याच्या नऊ पट्ट्या स्वच्छ दिसत. वायू मोजण्याचं यंत्र दुरुस्तीहून परत आलं ६ एप्रिलला. पहिली चाचणी मी पुढच्या आठवड्यात लावली. आणि नवांनीही भरभरून नायट्रस सोडला. म्हणजे शेवटचं जनुक होतं, पण चालत नव्हतं.

असं काही सापडलं की झोप उडते. मी नऊ जीवाणूंचं नॉस-झेड वाचून घेण्यासाठी हैदराबादला पाठवलं. उत्तर आलं, तिघांमध्ये एका अक्षराचा फरक.

"आणि बाकीच्या सहांचं काय?" मॅडमनी विचारलं होतं.

"त्यांच्यात मदतनीस जनुक बिघडलेलं असणार. ते पुढच्या टप्प्यात बघू."

"असणार?"

"असू शकतं," मी म्हटलं.

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि परिषदेसाठी लिहिलेल्या सारांशावर सही केली. परिषदेने तो स्वीकारला. शुक्रवार, १५ मे, हैदराबाद. शेवटचं जनुक असूनही अपंग असलेले खाचरातले जीवाणू, असा त्याचा मथितार्थ. मी गुरुवारी निघणार होते. नवा पंजाबी ड्रेस शिवून आला होता. बार्शीला वडिलांनी शेजारपाजारच्या पाच घरांत सांगून ठेवलं होतं.

एक गोष्ट मी वहीत लिहिली होती आणि विसरलेही होते. दर चाचणीत एक ओळखीचा जीवाणू ठेवायचा असतो, ज्याची शेवटची पायरी चालते हे जगाला माहीत आहे. तो मी जीवाणूंच्या संग्रहालयातून टपालाने मागवला होता. पहिल्याच चाचणीत त्यानेही नायट्रस सोडला. मी वहीत लिहिलं, "टपालात खराब झाला. बाद." आणि दुसरा मागवला. तोही तसाच वागला, तेव्हा लिहिलं, "संग्रहालयाला कळवणे." कळवायचं राहूनच गेलं.

आणखी एक तपासणी करायची होती, पण तिला वेल्डिंगवाले वापरतात तो वायू लागे. त्याच्या सिलिंडरची मागणी दोन वर्षं मंजुरीसाठी पडून होती. त्यावाचून अडत नव्हतं.

*

मॅडमचा एक नियम होता. ज्या वस्तूवर चिठ्ठी नाही ती इनक्युबेटरमध्ये जाणार नाही. चिठ्ठीवर तीन गोष्टी: काय आहे, कोणत्या तारखेचं आहे, कुणी केलंय. तिसरी राहिली तर मॅडम बाटली सरळ मोरीत ओतत. माझ्या पहिल्या वर्षी चार बाटल्या गेल्या. मामांनी त्या धुऊन टेबलावर उलट्या ठेवल्या आणि म्हणाले होते, "ताई, आता ना लक्षात ऱ्हाईल. माझ्या तर बायकोचं पन नाव लिवून ठेवलाय कपाटावर."

दुसरा नियम चावीचा. इनक्युबेटरला कुलूप असे आणि चावी ज्याचा प्रयोग त्याच्याकडेच. मी बाटल्या शुक्रवारी लावत असे आणि सोमवारी दुपारी वायू मोजत असे. बाटल्यांना कापसाचं बूच. सोमवारी मोजण्याआधी चार तास रबराचं बूच बसवायचं. शनिवार-रविवारी कुणीतरी तापमानाची नोंद करायला हवी. मामा पलीकडच्याच वाडीत राहत. मी त्यांना दुसरी चावी दिली. रविवारी मला कपडे धुवायचे असत आणि दुपारी झोपायचं असे, एवढंच कारण.

मामांच्या परसात हापूसची पाच कलमं होती. एप्रिलच्या मध्यापासून दर सोमवारी अकराच्या चहाबरोबर ते आंबे आणत. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, पिवळेजर्द.

"मामा, तुमच्या आढीला तोड नाही," मॅडम म्हणत. आढी म्हणजे पेंढ्याच्या थरांत कच्चे आंबे रचून पिकवायची कोकणी पद्धत. मॅडम जिल्ह्याच्या आंबा प्रदर्शनात परीक्षक असत. आंबा देठाशी धरून वास घ्यायच्या, अंगठ्याने दाबून बघायच्या, मग कापायच्या. "हल्ली बाजारात काय तो कचरा येतो. पावडर मारलेला. ही बघ वैजू, ही खरी आढी."

मामा मान खाली घालून कपबशा गोळा करत. तो विनय आहे असं मी धरून चालले होते.

*

सोमवार, ११ मे. मी साडेआठला आले, इनक्युबेटर उघडला, वरच्या दोन कप्प्यांतल्या बाटल्या काढून टेबलावर लावल्या, रबरी बुचं बसवली. नऊच्या सुमारास मॅडम आल्या.

"वैजू, तुझा लसूण!"

"मॅडम, चटणी संपून दहा दिवस झाले. आईचं पार्सल यायचंय अजून."

"मग डब्यात काय आहे?"

"मेसची भेंडी."

मॅडम हसल्या नाहीत. खांद्यावरची पर्स त्यांनी टेबलावर ठेवली. इनक्युबेटरशी आल्या, दार पूर्ण उघडलं आणि वाकून वास घेतला; आंब्याचा घेत तसाच, डोळे मिटून.

"हा लसूण नाही."

"मग?"

"आमच्या बाबांचं दुकान होतं बंदरावर. मागच्या खोलीत पत्र्याचा डबा असायचा. मासेमारीवाले न्यायचे, दिव्यात घालायला. पावसाळ्यात डबा सर्दावला की घरभर हा वास." त्या सरळ उभ्या राहिल्या. "कार्बाइड आहे वैजू हे."

मी टेबलावरच्या बाटल्यांकडे पाहिलं.

"कार्बाइडला दमट हवा लागली की काय निघतं?" आता त्यांचा आवाज तोंडी परीक्षेचा झाला होता.

"ॲसिटिलीन."

"ॲसिटिलीन म्हणजे?"

"वेल्डिंगचा गॅस."

"ज्याच्या सिलिंडरसाठी आपण दोन वर्षं अर्ज करतोय."

"हो."

"तो कशासाठी हवाय आपल्याला?"

याचं उत्तर माझ्या प्रबंधाच्या तेविसाव्या पानावर मी माझ्या हाताने लिहिलं होतं. ॲसिटिलीन दिला की नॉस-झेडचं विकर ठप्प होतं. जनुक धड असतं, विकरही धड असतं, पण काम बंद. शेवटची पायरी अडते आणि सगळा नायट्रस साचून राहतो. जगभरच्या प्रयोगशाळा हा वायू मुद्दाम देतात, त्या पायरीचं काम मोजण्यासाठी. कापसाच्या बुचातून तो आरामात आत जातो आणि पाण्यात सहज विरघळतो.

"वैजू, कशासाठी?"

"शेवटची पायरी बंद पाडायला," मी म्हटलं.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. खालच्या कप्प्यात दमटपणासाठी पाण्याचा ट्रे असे. त्यांनी तो पुढे ओढला. मागे वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा होता. वर्तमानपत्र ८ मेचं. आत अकरा आंबे आणि फडक्यात बांधलेल्या दोन पुड्या. फडकं राखाडी-पांढरं झालं होतं आणि ऊन लागत होतं.

गठ्ठ्यावर चिठ्ठी नव्हती.

मॅडमनी एक आंबा उचलला. अंगठ्याने दाबला. बराच वेळ बघत राहिल्या.

"तीन सोमवार," त्या म्हणाल्या. "तीन सोमवार मी याला आढी म्हणतेय. आणि जिल्ह्याची परीक्षक!"

एरवी मी हसले असते. मी माझी वही उघडून ओळखीच्या जीवाणूचं पान काढलं होतं. "टपालात खराब झाला. बाद." अक्षर माझंच होतं, नीटस आणि आत्मविश्वासाचं. तो जीवाणू खराब नव्हता. त्या खोलीत तो एकटाच खरं सांगत होता, आणि मी त्याला दोनदा हाकलून दिलं होतं.

*

मामा एरवी आठला येत. त्या दिवशी मुंबईहून येणाऱ्या कुणाला तरी आणायला स्टँडवर गेले होते आणि एस.टी. उशिरा आली. पावणेअकराला ते आत आले, इनक्युबेटर उघडा पाहिला, टेबलावरचे आंबे पाहिले आणि दारातच थांबले.

"या मामा," मॅडम म्हणाल्या. "चहा ठेवू नका. बसा."

"मी हुबा हाय तो बरा हाय."

"हे तुमचे?"

"व्हय."

"पुड्या?"

"त्या पन."

"मामा, कार्बाइड! तुम्ही? तुमच्या घरची आढी असताना?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. टोपीच्या आत बघत बोलले. "आढी माझी न्हाय मॅडम."

"म्हणजे?"

"तुळसाची. माझ्या बायकोची. तिच्या हातची आसते दरसाल. कुठला आंबा खाली ठेवायचा, पेंढा किती, कधी उलटायचा, समदा तिला म्हाईत. मी नुसता झाडावरनं उतरवतो. तुम्ही वीस वर्सं म्हंता शिगवणांची आढी, शिगवणांची आढी. मी काय बोललो न्हाय."

"आणि यंदा?"

"यंदा तुळसा मार्चपासनं विक्रोळीला, लेकीच्या बाळंतपनाला. मी घातली आढी. पयली कुजली. दुसरी कच्चीच ऱ्हायली, दगडावानी. आता तुमी सोमवारी इचारनार, मामा, आंबे कुठायत? बाजारात एकानं पुड्या दिल्या. म्हटला ऊब पायजे. ऊब तर हितंच हाय, तीस डिग्री, मीच लिवतो रजिस्टरात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या बाटल्यांना हात न्हाय लावला ताई. देवाशपथ. बाटल्या वरती, आंबे खालती. शुक्रवारी तुमी गेलाव की ठेवायचो, सोमवारी येन्याआधी काढायचो. आज तेवडी गाडी उशिरा आली."

"बाटल्यांना हात लावायची गरजच नव्हती मामा," मॅडम म्हणाल्या.

"काय झाला?"

मग मीच सांगितलं. पुडीतून निघालेला वायू बाटल्यांत गेला. त्याने जीवाणूंचं शेवटचं काम बंद पाडलं. ते काम त्यांना जमतच नाही असं मी लिहून पाठवलं. शुक्रवारी मी ते हैदराबादला दीडशे लोकांसमोर सांगणार होते.

मामा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंजे किडे बरे हायत?"

"बहुतेक."

"आनि तुमचा लिवलेला खोटा."

"हो मामा."

ते खाली बसले. खुर्चीवर नाही, पायरीवर.

*

खात्री करणं सोपं होतं. आम्ही त्याच दुपारी नऊ जीवाणूंच्या आणि ओळखीच्या जीवाणूच्या नव्या बाटल्या लावल्या. इनक्युबेटर दोन्ही दारं उघडून उन्हाला लावला. बाटल्या ठेवल्या खिडकीत. कोकणातला मे महिना, खिडकीत आपोआप एकतीस-बत्तीस अंश असे. मामांनी पुड्या मैदानाच्या टोकाला उघड्यावर नेऊन पाणी घालून विझवल्या आणि आंबे पुरले. मॅडमनी स्वतः उभं राहून खड्डा किती खोल ते पाहिलं.

बुधवारी दुपारी मी यंत्रावर बसले. सुईने बाटलीतला वायू काढून आत सोडला की कागदावर एक रेघ सरकते. चौथ्या मिनिटाला नायट्रसचा डोंगर यायचा. पहिल्यांदा मी ओळखीचा जीवाणू लावला. चौथं मिनिट आलं, गेलं. रेघ सपाट. मग एक ते नऊ. तासाभरात दहा सपाट रेघा माझ्यासमोर होत्या. ज्या तिघांत एका अक्षराचा फरक होता, त्यांचीही सपाट. ते अक्षर तिथे असलं काय, नसलं काय, विकराला फरक पडत नव्हता.

तीन आठवडे मी ज्यांना अपंग किंवा खराब म्हणत होते ते दहाही जण ठणठणीत होते. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट एक विचित्र हलकेपणा आला, घरात विसरलेला गॅस बंद केल्यावर येतो तसा. मदतनीस जनुकाची थाप मला आता कुणाला मारावी लागणार नव्हती.

"आता पत्र लिही," मॅडम म्हणाल्या. "सारांश मागे घेतो म्हणून. आज गेलं पाहिजे."

मी लिहिलं: काही तांत्रिक कारणांमुळे आमचा सारांश मागे घेत आहोत.

मॅडमनी वाचलं. "तांत्रिक म्हणजे काय? यंत्र बिघडलं होतं?"

"नाही."

"मग यंत्रावर कशाला ढकलतेस? त्याने तर बरोबर मोजलं."

मी दुसरा कागद घेतला. लिहिलं: प्रयोगशाळेतील एका कर्मचाऱ्याने इनक्युबेटरमध्ये परवानगीशिवाय...

इथे थांबले. वाक्य खोटं नव्हतं. हे पत्र परिषदेला जाणार, त्याची प्रत आमच्या प्राचार्यांना जाणार. विभागात कर्मचारी एकच. त्याने सरकारी उपकरणात बंदी असलेली पावडर ठेवली. मामांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती.

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्या मला काही सुचवणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मामा दारात टोपी हातात घेऊन उभे होते.

"लिवा ताई," ते म्हणाले. "नाव पन घाला. खोटा कशाला? मीच ठेवले."

"मामा, कुलूप होतं ना?"

"व्हतं."

"मग कसं उघडलं तुम्ही?"

"चावीनं. तुमीच तर दिलीव."

"का दिली मी?"

मामा गोंधळले. "रविवारचा तापमान बघाया."

"ते कुणाचं काम?"

मामा टोपी हातात फिरवत राहिले. मला कुणाला वाचवायचं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मला फक्त घटना घडल्या त्या क्रमाने लिहायच्या होत्या, आणि क्रमाने लिहायला घेतलं तर पहिली घटना आंब्यांची नव्हती. पहिली घटना चावीची होती.

तिसऱ्या कागदावर मी लिहिलं:

"इनक्युबेटरची चावी नियमानुसार फक्त माझ्याकडे असायला हवी होती. रविवारी यावं लागू नये म्हणून मी ती दुसऱ्याकडे दिली. त्या काळात इनक्युबेटरमध्ये आंबे पिकवण्यासाठी कार्बाइड ठेवलं गेलं आणि त्यातून निघालेल्या ॲसिटिलीनने शेवटची पायरी बंद पडली. तुलनेसाठी ठेवलेल्या ओळखीच्या जीवाणूनेही दोनदा हाच निकाल दिला होता. तेव्हा मी त्या जीवाणूवर संशय घेतला, स्वतःच्या प्रयोगावर घेतला नाही. आमच्या सारांशातील निष्कर्ष चुकीचा आहे. या जीवाणूंचं नॉस-झेड चालतं."

मॅडमनी दोनदा वाचलं. मग माझ्याच पेनने खाली एक ओळ जोडली: "मार्गदर्शक म्हणून मी चार वेळा तो वास घेतला आणि चारही वेळा विनोद केला. हे. खातू." आणि सही केली.

"मॅडम, हे परिषदेला पाठवायचं?"

"का? खरं नाही?"

प्राचार्यांनी प्रत वाचून मॅडमना बोलावलं. अर्ध्या तासाने त्या परत आल्या. "काय म्हणाले?" मी विचारलं. "कार्बाइड कुणी ठेवलं ते विचारत होते. मी म्हटलं, आंबे आम्ही तिघांनी खाल्ले, विभागावर मेमो काढा. काढतायत." मेमो आला. मॅडमनी तो फाईलला लावला आणि वर चिठ्ठी डकवली: काय, केव्हाचं, कुणामुळे. तिसऱ्या रकान्यात तिघांची नावं.

बार्शीला मी फोन केला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग आता ते जंतू बरे आहेत ना?" शिगवणमामांनी विचारलं होतं तेच.

"बरे आहेत," मी म्हटलं.

"मग पाच घरांत तसंच सांगतो."

*

माझा प्रबंध चौदा महिने लांबला. रविवारी मी स्वतः येऊन तापमान लिहू लागले. सिलिंडर अखेर डिसेंबरात आला. तोच वायू आता मोजून, मापून, चिठ्ठी लावून बाटल्यांत दिला आणि नऊ जीवाणूंची शेवटची पायरी किती जोरात चालते ते रीतसर मोजलं. आमच्या खाचरातले जीवाणू नायट्रस हवेत फारसा जाऊ देत नाहीत, असं निघालं. ही काही मथळ्याची बातमी नव्हती. ओळखीचा जीवाणू तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रयोगात पहिल्या बाटलीत असतो. आज मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथली मुलं विचारतात, मॅडम, याला आधी का? मी सांगते, हा खरं बोलतो.

पण मला आठवतो तो पुढच्या वर्षीचा १७ मे. सोमवार. अकराचा चहा झाला होता. वर्षभरात मामांनी विभागात एकही आंबा आणला नव्हता आणि आम्हीही विषय काढला नव्हता.

त्या दिवशी ते पाटी घेऊन आले. वर पेंढा, पेंढ्यावर आंबे. पाटी त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि एक पाऊल मागे सरकून उभे राहिले.

मॅडमनी एक आंबा उचलला. देठाशी धरून वास घेतला. मग दुसरा घेतला, त्याचाही घेतला. मग पेंढा बाजूला करून पाटीच्या तळाशी नाक नेलं. मामा हलले नाहीत.

"लसूण नाही," मॅडम म्हणाल्या.

"न्हाय."

"वैजू, तू बघ."

मी वाकले. पेंढ्याचा, उन्हाचा आणि हापूसचा वास होता. आणि पाटीच्या कडेला एक पांढरी चिठ्ठी दिसली. आमच्याच गठ्ठ्यातली, बाटल्यांना लावतो ती. मामांचं मोठं, वळणं घेत जाणारं अक्षर. तीन ओळी, नियमाप्रमाणे.

हापूस, आढीचे.
दि. १७-५-२०१०.
सौ. तुळसा तुकाराम शिगवण.

मॅडमनी चिठ्ठी वाचली. पर्समधून चाकू काढला.

"शिगवण," त्या म्हणाल्या, "बसा. खुर्चीवर."